आईची तसबीर आणि हळदणकरांचं चित्र

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पंचावन्न वर्षांची आहे. पुण्यात राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. माहेर सांगलीचं. आमच्या माजघरात एक तसबीर होती. एका हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हातानं तो जपणारी बाई. वडील लवकर गेले. आईनं शिवणकाम करून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. तिचं मशीन त्या तसबिरीखालीच असायचं. रात्री जाग आली की मशीनचा आवाज यायचा आणि वर ती दिवेवाली दिसायची. "रविवर्म्याचं चित्र आहे हे," असं आई आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची. पुढे मीही तेच सांगत आले.

आई गेली, सांगलीचं घर विकलं. वाटण्या झाल्या तेव्हा मी ती तसबीर तेवढी मागून घेतली. आता आम्ही नव्या फ्लॅटमध्ये जातोय. हॉलमध्ये ती लावायची, असं मी म्हटलं. माझी मुलगी मुंबईत चित्रकला शिकते. ती म्हणाली, "आई, हे कॅलेंडर आर्ट आहे. आणि रविवर्म्याचं नाहीच मुळी, हळदणकरांचं आहे. हॉलमध्ये नको ना, माझे मित्रमैत्रिणी येतात." तिला चित्रकार गायतोंडे आवडतात. मला त्यांच्या चित्रात काय बघायचं तेच कळत नाही. यजमान हसले. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण सगळ्यांना खोटंच सांगत होतो!"

मला रडू आलं, आणि त्यात रडण्यासारखं काय होतं तेही कळेना. चित्रकलेतलं मला काही समजत नाही, पण आवडतं चित्र म्हणाल तर आयुष्यात हे एकच. ते आवडणं चुकीचं आहे का? नाव दुसऱ्याचंच निघाल्यापासून ते जरा परकं झाल्यासारखं वाटतंय. मूळ चित्र म्हैसूरला आहे म्हणतात. जावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. ते खरं चित्र बघून मला काहीच वाटलं नाही तर? आणि मुलीला काय सांगू?

सांगलीची माहेरवाशीण, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तसबीर लावा. कुठे लावायची त्याचं पुढे बोलू. पण ती आवडण्यात काडीचीही चूक नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्हाला निवांत वाचता येईल.

आता नावाचं. मुलगी म्हणते ते बरोबर आहे. राजा रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, त्यामुळे ते त्यांचं असूच शकत नाही. पण तुमच्या आईसारखे लाखो लोक ते रविवर्म्याचं मानतात, आणि त्याला कारण आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. रविवर्म्यांची मोठमोठी तैलचित्रंही त्याच दालनात आहेत. बघणारा एका दिवशी, एका छपराखाली सगळं बघून घरी येतो आणि सगळ्याची सांगड एकाच नावाशी घालतो. शिवाय रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापांमुळे त्यांचं नाव घराघरांत पोचलं. साडी नेसलेली, खरीखुरी वाटणारी बाई चित्रात दिसली की आपल्याकडे आपसूक 'रविवर्मा' म्हणतात ते तेव्हापासून. आई खोटं सांगत नव्हती. तिला जे सांगितलं गेलं तेच ती पुढे सांगत होती. हे यजमानांनाही वाचून दाखवा.

पण ज्याचं ते चित्र आहे त्याला त्याचं नाव मिळायला हवं, आणि यात मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांमध्ये होते. १९६८ साली गेले. आपल्या मातीतला, आयुष्यभर शिकवत आणि रंगवत राहिलेला हा माणूस. त्याचं सगळ्यात लोकप्रिय चित्र महाराष्ट्रातल्या घराघरांत दुसऱ्याच्या नावावर टांगलेलं असावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'परकं झालं' असं तुम्ही लिहिलंत. मला तर वाटतं, ते आत्ता कुठे तुमच्या जवळ आलंय.

ते कसं, ते सांगते. चित्रातली ती बाई कोणी मॉडेल नव्हे, हळदणकरांची स्वतःची लेक आहे. गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या तेव्हा १०२ वर्षांच्या होत्या आणि वर्तमानपत्रांनी आवर्जून त्याची बातमी दिली होती. दिवाळीत हातात दिवा घेतलेली लेक वडिलांनी पाहिली आणि तिला तशीच उभं राहायला सांगितलं, अशी आठवण तेव्हा छापून आली होती. त्या राहायच्या कोल्हापूरला. म्हणजे तुमची आई सांगलीला ज्या तसबिरीखाली मशीन चालवत होती, त्या तसबिरीतली बाई पन्नासेक किलोमीटरवर संसार करत होती, म्हातारी होत होती. राजवाड्यातली, पुराणातली कुणी अप्सरा नव्हे. कोल्हापूरची बाई. तुमच्या आईला हे कळलं असतं तर तिनं एसटी पकडून जाऊन भेट घेतली असती, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

हे चित्र कशात केलंय, तेही तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते जलरंगात आहे. रविवर्म्यांची म्हैसूरची चित्रं तेलरंगातली, हे पाण्याच्या रंगातलं, कागदावरचं. हा फरक कळला की चित्राकडे बघायची नजरच बदलते, म्हणून इथे जरा थांबते.

तेलरंगात उजेड दाखवायचा तर शेवटी वरून पांढरा, पिवळा रंग चढवता येतो. दिव्याची ज्योत सगळ्यात शेवटी ठेवली तरी चालते. पारदर्शक जलरंगात तसं नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा तिथे कागद राखून ठेवायचा आणि भोवतालचा अंधार एकावर एक पातळ थरांनी गडद करत आणायचा. एक थर वाळू द्यायचा, मग पुढचा. एखाद्या ठिकाणी हात जरा जड पडला, रंग ओघळून ज्योतीत गेला, की तो उजेड गेला. पुन्हा आणता येत नाही. म्हणजे चित्रकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो दिवा सांभाळत असतो, आणि कागदावरची त्याची मुलगीही तेच करत असते. हे मला जेव्हा समजलं तेव्हा मी त्या चित्राला मनोमन नमस्कार केला.

आज रात्री एक करून बघा. देवघरातलं निरांजन लावा, घरातले दिवे बंद करा, आणि तळवा ज्योतीच्या अलीकडे धरा. पोळणार नाही इतका लांब. बोटांच्या कडा लाल दिसतील, बोटांच्या मधल्या फटींतून उजेड सांडेल, आणि हाताचा आपल्याकडचा भाग अगदी काळा वाटेल. आता तसबिरीकडे बघा. हळदणकरांनी ते सगळं पाहिलंय. तळव्यातून झिरपणारा तो लालसर उजेड हा त्या चित्राचा प्राण आहे. चेहऱ्यावर पडलेला उजेड बघा, तो खालून वर गेलाय. हनुवटी, ओठ, नाक या क्रमानं मऊ होत जातो आणि केसांपाशी संपतो. तिची नजरही बघा. ती आपल्याकडे बघत नाही. तिला आपण आहोत हेच माहीत नाही.

या चित्राला 'ग्लो ऑफ होप' म्हणतात, म्हणजे आशेचा उजेड वगैरे. माझं मत विचाराल तर मला त्यात आशा दिसत नाही, काळजी दिसते. वारा आहे, दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात आहे. उद्या काय होईल, सगळं चांगलं होईल का, असलं काही तिच्या चेहऱ्यावर नाही. आत्ता हा दिवा या खोलीतून त्या खोलीत न्यायचा आहे. रात्री उशिरापर्यंत ब्लाउज शिवणाऱ्या, दुसऱ्या दिवशीच्या फीचे पैसे जुळवणाऱ्या बाईनं मशीनच्या वर नेमकी हीच तसबीर लावली, यात मला काही नवल वाटत नाही. चित्रातलं कळत नाही असं तुम्ही म्हणता. तुमच्या आईला कळत होतं आणि तुम्हालाही कळतंय. ते शब्दांत मांडायची सवय नाही, इतकंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या मनात दोन प्रेमं एकमेकांत गुंतली आहेत. एक आईवरचं आणि एक चित्रावरचं. मुलीनं चित्राला नावं ठेवली आणि ती तुम्हाला तुमच्या आईलाच ठेवल्यासारखी लागली. म्हणून रडू आलं. ती बिचारी छापील कागदाबद्दल बोलत होती, तुम्ही मशीनचा आवाज ऐकत होता. ही दोन्ही प्रेमं खरी आहेत, पण त्यांची निगा वेगवेगळी राखावी लागते. आईची तसबीर म्हणजे तो कागद, ती काच, ती चौकट, त्यावर बसलेला सांगलीचा धूर. ती जगात एकच आहे आणि ती तुमच्याकडे आहे. तिचं मोल ठरवायचा अधिकार मुलीला नाही, तिच्या प्राध्यापकांना नाही, मलाही नाही. हळदणकरांचं चित्र मात्र सगळ्यांचं आहे. त्याबद्दल मुलगी वाद घालू शकते, आणि तिनं घालावा. वाद आईच्या तसबिरीशी चाललाय असं न समजता तुम्हाला तो ऐकता आला, तर घरातलं निम्मं भांडण तिथेच संपेल.

तिचा वाद काय आहे तेही समजून घ्या, कारण तो नुसता उद्धटपणा नाही. हे चित्र झालं त्यानंतर लगेचच, १९४७ साली, मुंबईत काही तरुण चित्रकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. जे. जे.त शिकवलं जाणारं हुबेहूब चित्रण, पारितोषिकांसाठी काढलेल्या देखण्या बायका, गोड प्रकाश, या सगळ्याचा त्यांना कंटाळा आला होता. नवा देश झाला, फाळणीत माणसं मेली, आणि आपण अजून पदर आणि दिवे रंगवतोय, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. गायतोंडेही पुढे त्यांच्याबरोबर होते. त्यांनी तर चित्रातून माणूसच काढून टाकला, आणि रंग आणि शांतता तेवढी ठेवली. तुमची मुलगी त्या परंपरेत शिकते आहे. कॅलेंडर आर्ट हा शब्द तिला तिथे मिळालाय. या वयात माणूस जे नाकारतो त्यावरूनच स्वतःला ओळखत असतो. तिला नाकारू द्या. तिच्या आजीला ती नाकारत नाहीये.

तरी तिचं म्हणणं मला अर्धंच पटतं. लाखो प्रती निघाल्या, रंग भडक झाले, दुकानाच्या जाहिरातीसह दिनदर्शिकेवर छापून आलं, म्हणून मूळ चित्र स्वस्त होत नाही. छापणाऱ्यानं काय केलं याची शिक्षा कागदावर जलरंग चढवणाऱ्याला कशी द्यायची? आणि 'हुबेहूब आहे' एवढ्यावर एखादं चित्र मोडीत काढणं, हाही एक आंधळेपणाच. ती शिकत असलेल्या माध्यमातली ही केवढी अवघड गोष्ट आहे, हे तिला हातानं कळू द्या. तिला म्हणा, "बाळा, मला एक करून दाखव. फक्त पारदर्शक जलरंग, पांढरा वापरायचा नाही. दिव्यापुढे धरलेला माझा हात काढ." तुम्ही निरांजनापुढे हात धरून बसा, ती काढेल. आव्हान म्हणून देऊ नका, तिची फजिती करायला तर मुळीच नको. तुम्हाला खरंच बघायचंय म्हणून मागा. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला आईनं "माझं चित्र काढ" म्हणणं, ही मागणी कुठल्याही मुलीला नाकारता येत नाही. आणि ती काढत असताना आजीच्या मशीनची गोष्ट सांगा. ती तिला माहीत असेल असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, तिला 'रविवर्म्याचं चित्र' एवढंच माहीत आहे, कारण घरात सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. चित्राबद्दल सांगायचं ते चित्रकाराचं नाव, असा आपल्याकडे एक समज आहे. "या चित्राखाली माझी आई रात्री दोनपर्यंत शिवायची," हे तुम्ही पाहुण्यांना कधी सांगितलंत का?

याची परतफेडही करायला हवी. तिला आवडतात त्या गायतोंड्यांचं एखादं चित्र तिच्याबरोबर प्रत्यक्ष बघा. फोनवर नको, पुस्तकातही नको. मुंबईत काळा घोड्यापाशी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय समोरासमोर म्हणावीत इतकी जवळ आहेत. कुठे काय लावलंय याची ती चौकशी करेल, तिला तेवढं काम द्या. चित्रासमोर उभ्या राहिलात की 'याचा अर्थ काय' असं विचारू नका. रंग कुठे पातळ आहे, कुठे दाट आहे, उजेड कुठून येतोय, एवढंच बघा. दिव्याच्या चित्रात तुम्ही इतकी वर्षं नकळत हेच तर बघत आलात. आणि इतकं करूनही नाही आवडलं, तर नाही आवडलं. तसं तिला सांगा. तिलाही मग नावडतं सांगायचा हक्क राहील आणि घरात मोकळेपणानं बोलणं होईल.

आता म्हैसूर. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटला, कारण हीच भीती मलाही होती. माझी आवडती कलाकृती म्हणजे घारापुरीच्या लेण्यातला दगडी सदाशिव. शाळेच्या पुस्तकात, पोस्टरवर, सगळीकडे पाहिलेला. आमच्या वडिलांनी लहानपणी सांगितलेलं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश, आणि सगळा गाव त्याला त्रिमूर्तीच म्हणतो. पुढे वाचनात आलं की तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. एका बाजूला अघोर, चिडलेला, हातात साप. दुसऱ्या बाजूला वामदेव, जवळजवळ स्त्रीसारखा नाजूक, हातात कमळ. मध्ये मिटल्या डोळ्यांचा, कुठल्याच बाजूला न झुकलेला. नाव बदललं म्हणून माझं काही गेलं नाही, उलट फार काही हाती लागलं. माझे वडील अतिशय तापट होते आणि तितकेच मायाळू. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरात दोन वेगवेगळी माणसं राहतात आणि सकाळी कोण उठेल ते सांगता येत नाही. त्या दगडात मी पाहिलं की दोन्ही चेहरे एकाच मानेवर असू शकतात, आणि त्यांच्या मधोमध आणखी एक चेहरा असतो जो मला कधी दिसलाच नव्हता. वडिलांना समजून घ्यायला मला माणसांनी जेवढी मदत केली नाही तेवढी सहाव्या शतकातल्या त्या अनाम शिल्पकारांनी केली.

तिथे प्रत्यक्ष जायला मी खूप काळ टाळाटाळ केली. फोटोत इतका पाहिलेला, आता वेगळं काय दिसणार, आणि कमी वाटला तर? गेटवेवरून लाँच घेतली, तासाभरानं घारापुरी, मग पायऱ्या, गर्दी, माकडं, मक्याची कणसं. आणि आत गेल्यावर अंधार. फोटोत तो अंधार कधीच येत नाही, कारण फोटोग्राफर उजेड सोडतात. सुमारे साडेपाच मीटर उंचीचं ते शिल्प आधी दिसतच नाही. डोळे सरावतात तसतसा तो खांबांच्या मागून हळूहळू पुढे येतो. बाजूच्या उघड्या अंगणांतून येणारा उजेड एका गालावर जास्त, दुसऱ्यावर कमी. फोटोतला माझा सदाशिव आणि हा, या दोघांत तुलना करायचं मला सुचलंच नाही. फोटोतला होता तसाच राहिला, तो माझ्या लहानपणाचा आहे. हा वेगळा.

तुमचंही असंच होईल, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. कदाचित म्हैसूरला तुम्हाला पहिल्यांदा काहीच वाटणार नाही. तुमच्या तसबिरीचे रंग छापखान्याचे आहेत, त्यावर वर्षानुवर्षांचं पिवळेपण चढलंय. मूळचे रंग तुम्हाला अनोळखी वाटतील. आजूबाजूला गर्दी असेल. कुणीतरी मोठ्यानं "रविवर्मा" म्हणेल. या सगळ्यात आईची आठवण येईलच असं नाही, आणि ती यायलाच हवी असा हट्ट धरून गेलात तर चित्र दिसणार नाही. आईला भेटायला म्हणून जाऊ नका. आई सांगलीच्या तसबिरीत आहे, ती तुमच्या घरी आहे, तिला म्हैसूरची कुठलीही निराशा हात लावू शकत नाही. म्हैसूरला जायचं ते हळदणकरांनी कागद कुठे राखलाय ते बघायला. बोटांच्या कडा बघायला. एका बापानं लेकीकडे किती वेळ लावून बघितलं, ते बघायला.

दसऱ्याच्या दिवसांत जाऊ नका, म्हैसूर तेव्हा फुललेलं असतं पण चित्र बघता येत नाही. सुट्टीचा वार टाळा आणि सकाळी लवकर जा. दालन उघडं आहे ना, ते चित्र तिथे लावलेलं आहे ना, याची चौकशी निघण्याआधी करा. जुन्या वास्तूंत दुरुस्तीची कामं निघतात. पुण्याहून आणि मिरजेवरूनही म्हैसूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. मी तुमच्या जागी असते तर भावालाही मिरजेला त्याच गाडीत बसायला लावलं असतं, कारण रात्री तो मशीनचा आवाज त्यानंही ऐकलाय. मुलगी आली तर फारच छान. नाही आली तर आग्रह नको. आत गेल्यावर आधी लांबून बघा, मग जवळ जा, मग पुन्हा लांब. तिथली रविवर्म्यांची तैलचित्रं नंतर बघा, आधी नको. मोठ्या कॅनव्हासच्या झगमगाटानंतर जलरंग डोळ्यांना फिका लागतो.

राहिली ती तसबीर. घर तुमचं आहे, हप्ता तुमच्या पगारातूनही जातो, त्यामुळे हॉलमध्ये लावायची असेल तर हॉलमध्ये लावा. मित्रमैत्रिणी आल्या आणि कुणी विचारलं तर मुलीनं सांगावं, हे सावळाराम हळदणकरांचं चित्र आहे आणि ही माझ्या आजीची प्रत आहे. हॉलची दुसरी भिंत तिला द्या, तिथे तिला हवं ते लागू दे, तुम्हाला कळो न कळो. फक्त जागा निवडताना ऊन बघा. छापील कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत नको. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको, ओल धरते. समोर उदबत्ती लावू नका.

फ्रेमवाला लॅमिनेशन करू म्हणेल, तर ठाम नाही म्हणा. एकदा लॅमिनेट केलं की तो कागद पुन्हा सुटा होत नाही. कागद पुसायचा नाही, ओला करायचा नाही. चित्राला लावायचा पुठ्ठा, म्हणजे माउंट बोर्ड, आम्लविरहित मागा आणि काच कागदाला चिकटणार नाही इतकं अंतर ठेवायला सांगा. जुनी लाकडी चौकट शक्य असेल तर तीच ठेवा, कसर लागली असेल तर आधी साफ करून घ्या. आणि दुकानात तसबीर तशीच सोडून येऊ नका, तो उघडत असताना समोर उभ्या राहा. जुन्या तसबिरींच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर कधी दुकानाचा शिक्का असतो, कधी तारीख, कधी घरातल्या कुणाचं अक्षर. फ्रेमवाले तो पुठ्ठा सरळ कचऱ्यात टाकतात. तुम्ही तो मागून घ्या आणि घरी आणून वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यावर काही लिहिलेलं सापडलं तर मला जरूर कळवा.